जुनी पेठ, नवी पेठ



गेल्या वर्षी आषाढात, एकाच आठवड्यात, दोन गृहस्थ माझ्या घरी येऊन गेले. दोघेही माझे जुने विद्यार्थी. एकेकाळी एकाच बाकावर बसणारे. त्यांपैकी एकाचे गावाच्या जुन्या पेठेत कापडाचे दुकान आहे. ते त्याच्या आजोबांनी मांडले. दुसऱ्याची गावाबाहेर हमरस्त्याला लागून चार एकर जमीन आहे. जळगाव जिल्ह्यातील आमच्या लहानशा नगराचा विकास आराखडा नुकताच लोकांपुढे ठेवण्यात आला होता. हमरस्त्यालगतचा शेतीचा पट्टा वाणिज्य विभागात घालून तेथे मोठे व्यापारी संकुल, म्हणजे ज्यास आता लहानथोर सर्वजण मॉल म्हणतात ते, होऊ द्यावे की नाही, असा वाद गावात माजला होता. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, हरकतीचा अर्ज लिहून द्या. तिकडे मॉल झाला की आमच्या पेठेत चिटपाखरू फिरकणार नाही.” दोन दिवसांनी शेतकरी आला. तो म्हणाला, “गुरुजी, कापसावर कर्ज फिटत नाही. जमिनीला आता कोठे मोल आले, तर हे पेठेतले लोक आडवे येतात. समर्थनाचा अर्ज तुम्हीच लिहा.”

दोघांनाही मी “आठ दिवसांनी या” म्हणून सांगितले, आणि त्या आठ दिवसांत आपल्या खानदेशचा इतिहास पुन्हा एकदा चाळला. कारण गावाबाहेर नवा बाजार वसावा की जुन्याच बाजाराची डागडुजी व्हावी, हा प्रश्न मॉल हा शब्द आपल्या कानी पडण्यापूर्वी कितीतरी वर्षे या प्रांताने सोडविलेला आहे; कधी चांगला सोडविला, कधी वाईट. ती हकीकत आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम धुळ्याकडे वळू. धुळे हे प्राचीन काळी मोठे गाव नव्हते. जवळच्या लळिंग किल्ल्याच्या छायेतील ते एक सामान्य खेडे. १८०३ साली होळकरांच्या स्वारीने आणि त्याच वर्षीच्या भयंकर दुष्काळाने ते साफ ओस पडले. पुढील वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले आणि त्याबद्दल इनाम जमीन मिळविली. आपल्याकडे पेठ वसविण्याची रीत हीच होती. सरकारातून कौल घ्यावयाचा, येणाऱ्या वाण्या-उदम्यांना काही वर्षे करातून सूट द्यावयाची, आणि बाजार भरू लागला म्हणजे हळूहळू वसूल सुरू करावयाचा. पेठ ही आपोआप उगवत नसते. ती कोणीतरी, काही अटींवर, वसवीत असतो. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे प्रकरण त्या अटींभोवतीच फिरते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. येथील पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याने आपले ठाणे धुळ्यास केले, कारण गाव मुलखाच्या मध्यावर आणि पुण्याहून उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. त्या वेळी धुळ्यात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. एका बाजूस पांझरा नदी, दुसऱ्या बाजूस बागाइताचा पाट, आणि या दोहोंच्या बेचक्यात गाव अडकलेले. वाढावयास जागा नव्हती. ब्रिग्जने १८१९ साली सरकारी कचेऱ्या बांधविण्यास मंजुरी मिळविली, दूरदूरचे कारागीर आणविले, आणि जुन्या गावाला लागूनच नवी वस्ती आखली. सरळ रस्ते आणि एकमेकांना समांतर अशा गल्ल्या हे त्या वस्तीचे लक्षण. धुळ्यात आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात.

ब्रिग्जने पेठ कोठे वसविली याहून ती कोणत्या अटींवर वसविली, ते अधिक महत्त्वाचे आहे. घरांसाठी जागा त्याने कायमच्या, बिनभाड्याच्या दिल्या. पक्की घरे बांधण्यासाठी उसनी रक्कम दिली. आणि ती केवळ बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांना नव्हे, तर गावातील जुन्या रहिवाशांनाही दिली. नव्या पेठेचे दार जुन्या पेठेच्या माणसाला मोकळे होते. शिवाय ती जुन्या गावापासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. परिणाम काय झाला? जुने धुळे उठले नाही. नवे आणि जुने एकमेकांस जोडून राहिले. चाळीसगावाहून धुळ्यास आगगाडी आली ती १९०० साली. तोपर्यंतची ऐंशी वर्षे हे गाव आग्रा रोडच्या बळावर वाढत राहिले. १८७२ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती साडेबारा हजारांच्या आसपास होती, म्हणजे ब्रिग्जच्या वेळेच्या जवळजवळ पाचपट. आता, २०११ च्या गणतीनुसार, ती पावणेचार लाखांवर गेली आहे. तरी पाच कंदील आणि आग्रा रोड येथील गर्दी ओसरलेली नाही. ब्रिग्ज हा परकीय सत्तेचा नोकर होता, आणि व्यापार वाढावा यात त्याच्या सरकारचा हिशेब होता, हे मी विसरत नाही. परंतु हिशेबी माणसालाही जुन्या रहिवाशाला बरोबर घेणे फायद्याचे वाटले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता जळगावची हकीकत ऐका. येथे पेठ कोणा अधिकाऱ्याने नव्हे, आगगाडीने वसविली. १८६० नंतरच्या दहा वर्षांत ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वेचा मार्ग खानदेशातून भुसावळकडे गेला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. जळगाव हे कापसाचे मोठे पेठस्थान बनले. युद्ध थांबताच भाव कोसळले आणि अनेक व्यापारी बुडाले. पण स्टेशन जागेवरच होते, त्यामुळे बाजार सावरला. १८६४ साली नगरपालिका झाली. पुढील दशकात खानदेश मिल उभी राहिली, सरकी काढण्याचे आणि गठ्ठे दाबण्याचे कारखाने निघाले. पोलन पेठ हे नाव एका इंग्रज अंमलदाराची आठवण आजही वागवीत आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावास मिळाले.

हा झाला जळगावचा उत्कर्ष. पण तराजूचे एक पारडे वर जाते तेव्हा दुसरे खाली येते. जळगावपासून अवघ्या सहा मैलांवर नशिराबाद आहे. तालुक्याचे ठाणे पूर्वी ते होते, जळगाव नव्हे. काचेच्या बांगड्यांसाठी त्याची ख्याती होती. आगगाडी गावापासून दोन मैल उत्तरेस, भादलीवरून गेली. केवळ दोन मैल! एरंडोल हे त्याहून जुने, हातकागदासाठी प्रसिद्ध असलेले गाव; तेही लोहमार्गापासून काही कोस दूर राहिले. पुढे तालुक्याचे नाव आणि कचेऱ्या जळगावास गेल्या. नशिराबादच्या कासाराला किंवा एरंडोलच्या कागद्याला कोणी विचारले नाही, की बाबा, बाजार हलला तर तुझे काय होईल? त्याला जळगावात जागा द्यावी, उसनी रक्कम द्यावी, असेही कोणाला सुचले नाही. धुळ्यास पेठ सरकली तेव्हा माणसे तिच्याबरोबर सरकली. येथे पेठ सरकली आणि पुष्कळ माणसे मागे राहिली.

मात्र यावरून बाजार गावाबाहेर नेणे हे नेहमीच वाईट, असा निष्कर्ष काढू नये. त्याविरुद्ध जाणारे एक उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. पूर्वी कापूस आणि धान्य यांचे सौदे गावातील दाटीच्या गल्ल्यांत, अडत्यांच्या ओट्यांवर होत. दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राही आणि आपल्या मालाचा भाव त्याला शेवटी कळे. मापात मारावे, धर्मादायाच्या नावे कापावे, हे चालतच असे. यास आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा केला, आणि धुळ्याचा कापूसबाजार त्या कायद्याखाली आलेल्या पहिल्या बाजारांपैकी होता. पुढे १९३९ साली सर्व शेतमालासाठी कायदा झाला, १९६३ साली महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा केला, आणि गावोगाव बाजार समित्यांची मोकळी आवारे उभी राहिली. तेथे गाड्या उभ्या राहण्यास जागा झाली, काटा सर्वांदेखत लागू लागला, लिलाव उघड होऊ लागला. त्या वेळीही पेठेतल्या लोकांनी कुरकुर केलीच होती. माझे वडील एका अडत्याकडे दिवाणजी होते. धंदा आवारात गेला तेव्हा “आता पेठेत राम राहिला नाही,” असे ते म्हणत. पण माझ्या शेतकरी मामांचे मत अगदी निराळे होते, आणि आज मला वाटते, त्या वादात मामांची बाजू खरी होती.

तेव्हा प्रश्न आत की बाहेर इतकाच नाही. प्रश्न असा, की बाजार कोणासाठी हलतो, किती दूर हलतो, आणि मागे राहिलेल्यांचे काय होते.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न कसा हाताळला तेही पाहू. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये ब्रॅक्टन नावाचा एक कायदेपंडित होऊन गेला. जुन्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या आत नवा बाजार भरवू नये, असा नियम त्याच्या ग्रंथात आहे. हे अंतर त्याने कसे काढले ते गमतीचे आहे. माणूस दिवसाकाठी वीस मैल चालतो. त्याचे तीन भाग करा: एक भाग जाण्याचा, एक खरेदीविक्रीचा, एक दिवसाउजेडी घरी परतण्याचा. वीसाचा तिसरा भाग म्हणजे पावणेसात मैलांच्या आतबाहेर. आपल्याकडील आठवडे बाजारांची मांडणी पाहिली, तर एका गावी सोमवार, शेजारच्या गावी बुधवार, तिसऱ्या गावी शनिवार, अशी वाटणी दिसते. तिच्यामागेही हाच व्यवहार आहे. बाजाराचे माप माणसाचे पाय हे होते.

मोटार आली आणि ते माप बदलले. १९५६ साली अमेरिकेत मिनिॲपोलिस शहराजवळ साउथडेल नावाचा, वरून छप्पर असलेला, सर्व बाजूंनी बंदिस्त असा पहिला मॉल उघडला. तो रचणारा शिल्पज्ञ व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा. उपनगरांत विखुरलेल्या लोकांना आपल्या जन्मगावासारखा एक चौक द्यावा, भोवती घरे, शाळा, दवाखाने असावेत, असे त्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात झाली ती दुकाने आणि भोवती मोटारी लावण्याचे अफाट मैदान. शेकडो ठिकाणी त्याचे अनुकरण झाले आणि कित्येक गावांचे मध्यभाग ओस पडले. उतारवयात ग्रुएनने या अपत्याचे पितृत्व नाकारले. इंग्लंडने यावरून धडा घेऊन १९९६ साली असे धोरण ठरविले, की मोठे दुकान काढू इच्छिणाऱ्याने प्रथम गावाच्या मध्यभागी जागा शोधावी. तेथे नसेल तर मध्यभागाच्या कडेला. आणि तेथेही नसेल तरच गावाबाहेर. या क्रमाने जाणे त्यास भाग असते.

आपल्याकडे मुंबईत क्रॉसरोड्स हा मॉल १९९९ साली निघाला. तोही एका जुन्या कारखान्याच्या जागेवर. जळगावातही तसेच घडले. ज्या खानदेश मिलच्या भोंग्यावर एकेकाळी घड्याळे लावीत, तिच्या जागेवर, स्टेशनाच्या अगदी लगत, खानदेश सेंट्रल हे संकुल आले आहे. म्हणजे मोठे संकुल गावाबाहेरच गेले पाहिजे असा काही दैवी नियम नाही. नगरपालिकेनेही पूर्वी गावाच्या मध्यभागी अनेक मजली मार्केटे उभी राहू दिली. फुले मार्केट आणि गोलाणी मार्केट आपण सारे जाणता. परंतु येथे पुन्हा अटींचा प्रश्न आला. २०१२ साली पालिकेच्या अनेक गाळ्यांच्या कराराची मुदत संपली, आणि भाडे किती, गाळा पुढे कोणाकडे, हा वाद वर्षानुवर्षे चालत राहिला. ज्याला उद्याची शाश्वती नाही तो दुकानदार दुकानास रंगही देत नाही. ब्रिग्जने कायमच्या जागा का दिल्या असाव्यात, याचे उत्तर मला येथे मिळाले.

कायद्याचीही थोडी ओळख करून देतो. आज नगरांची आखणी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याप्रमाणे होते. नगराचा नकाशा करून निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती असे विभाग पाडतात. शाळा, मंडई, वाहनतळ यांसाठी जागा राखून ठेवतात. मग आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवितात, आणि त्यांवर सुनावणी होते. कायदा चांगला आहे. पण राखून ठेवलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो. मंडई आणि वाहनतळ नकाशावरच राहतात ते यामुळे. मग जुन्या पेठेत गाडी लावावयास जागा नाही, भाजीवाली रस्त्यावर, रस्ता बंद, गिऱ्हाईक बाहेर, असे चक्र सुरू होते. रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्यांनाही आराखड्यात जागा नेमून देणे हे नगराचे कर्तव्य आहे.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. गेल्या दिवाळीत नातवंडांचे कपडे मी एका मॉलमधूनच आणले. माझे गुडघे दुखतात. तेथे बसावयास बाक होता. माझ्या पत्नीला तेथे स्वच्छ शौचालय होते. आमच्या जुन्या पेठेत, जेथे चार पिढ्यांच्या स्त्रिया खरेदीस आल्या, तेथे स्त्रियांसाठी एकही धड शौचालय नाही. तेव्हा मॉलने पेठेचे गिऱ्हाईक पळविले म्हणण्यापूर्वी, आपण त्या गिऱ्हाइकाला कसे वागविले, हेही पेठेने स्वतःला विचारले पाहिजे.

तथापि जुन्या पेठेपाशी असे काही आहे की जे बाहेर नेता येत नाही. जळगावच्या सराफ बाजारात परगावचा माणूस सोने घेण्यास येतो तो पिढ्यानपिढ्यांच्या विश्वासावर येतो. कार्तिकी एकादशीस रामरथ निघतो तो जुन्या गावाच्या रस्त्यांतून. हमरस्त्यावरच्या वाहनतळातून तो ओढता येणार नाही. आणि मृगापूर्वी खिसा रिकामा असलेल्या शेतकऱ्याला पेठेतला दुकानदार वहीवर नाव लिहून कापड देतो. मॉलच्या यंत्राला ते ठाऊक नाही. स्कॉटलंडचा नगररचनातज्ज्ञ पॅट्रिक गेडिस १९१४ साली हिंदुस्थानात आला. आपल्या आग्रा रोडवरच्या इंदूर शहराचा त्याचा मोठा अहवाल १९१८ सालचा आहे. जुनी गल्ली पाडू नका. ती पायी फिरून पाहा, अडचणीचे तेवढेच काढा, मोकळ्या झालेल्या जागेत हवा, झाड आणि बसावयास पार द्या, असा त्याच्या शिकवणीचा इत्यर्थ होता. अशा कामाला खर्चही कमी लागतो. पण त्यासाठी अधिकाऱ्याला गल्लीतून चालावे लागते.

आठ दिवसांनी ते दोघे आले. मी मुद्दाम दोघांना एकाच वेळी बोलाविले होते. प्रथम दोघेही अवघडून बसले. मी त्यांना धुळ्याची आणि नशिराबादची गोष्ट सांगितली, आणि म्हणालो, “मी अर्ज एकच लिहीन. पटला तर दोघांनी सही करावी.” अर्जात तीन मागण्या होत्या. पहिली, जुन्या पेठेतील वाहनतळाची आणि मंडईची राखीव जागा आधी ताब्यात घ्यावी, तेथे शौचालय व पिण्याचे पाणी करावे, आणि मगच हमरस्त्यावरील संकुलास परवानगी द्यावी. दुसरी, त्या संकुलातील काही गाळे पेठेतील दुकानदारांना, परवडणाऱ्या भाड्याने आणि दीर्घ मुदतीच्या कराराने द्यावेत. तिसरी, गावातून तेथवर पायवाट आणि बस असावी, म्हणजे ज्याला मोटार नाही त्यालाही तो बाजार आपला वाटेल.

शेतकरी म्हणाला, “गुरुजी, यात माझी परवानगी लांबणार.” दुकानदार म्हणाला, “गुरुजी, यात मॉल तर होणारच.” मी म्हणालो, “दोघांचेही खरे आहे.” बराच वेळ कोणी बोलले नाही. चहा आला, तो झाला. मग दुकानदाराने पेन मागितले. शेतकऱ्याने त्या दिवशी सही केली नाही. कागद घरी नेला, आणि तिसऱ्या दिवशी सही करून मुलाच्या हाती पाठविला.

सुनावणी झाली, निकाल अद्याप लागावयाचा आहे. तिन्ही मागण्या मान्य होतील असे मानण्याइतका मी भोळा नाही. परंतु आपल्याही गावचा आराखडा कधीतरी प्रसिद्ध होईल, आणि हरकती मागविल्याची सूचना कचेरीच्या फळ्यावर लागेल. त्या दिवशी ती वाचावयास कोणीतरी जावे, आणि नवी पेठ वसविणाऱ्याला त्याच्या अटी विचाराव्यात, येवढीच विनंती. नशिराबादच्या कासारांना हरकत घेण्याची सोय नव्हती. आपणांस ती आहे.